जोतिबा थोरातांनी पाचगणीत वाजवलं

जोतिबा थोरातांचे, म्हणजे तात्यांचे, वरचे दोन दात पडले ते उसाची गाडी जुंपताना. डिसेंबर महिना, कारखाना जोरात चाललेला. डाव्या अंगाच्या बैलाला सकाळपासून गोमाशी सतावत होती. बैलाच्या गळ्याखालून जुवाचा पट्टा, सापती, अडकवायला तात्या वाकले आणि बैलानं मान झटकली. शिंग सरळ तोंडावर आलं. तात्या बांधावर बसले, तोंडात बोटं घातली आणि दोन दात तळहातावर घेऊन बघत राहिले. ऊसतोडीची माणसं धावत आली.

"डोळा वाचला तात्या. नशीब म्हणायचं."

तात्या उठले. धोतराचा सोगा तोंडाला लावून ते विहिरीकडं चालायला लागले. शेतात जमलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, की महिन्याभरानं या माणसाला पाचगणीला जाऊन क्लॅरनेट वाजवायचा आहे आणि त्याची तबकडी निघणार आहे.

आष्ट्यात सगळे त्यांना फौजेतले तात्या म्हणूनच ओळखत. फौजेत त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा क्लॅरनेटच जास्त होता, हे घरच्यांपलीकडं फारसं कुणाला माहीत नव्हतं. पलटणीच्या बँडमध्ये ते भरती झाले. सकाळी परेडच्या चाली वाजवायच्या आणि शनिवारी संध्याकाळी साहेब लोकांच्या क्लबात नाचाला साथ करायची. त्या क्लबात पियानो वाजवायला कायतान बरेटो नावाचा गोव्याचा माणूस होता. त्यानंच तात्यांना जॅझची वाट दाखवली. आधी चाल नीट वाजवायची. मग ती मनात ठेवून आपलं काय ते बोलायचं. दुसरा बोलत असेल तर ऐकायचं, आणि तो थांबला की त्याच्या शेवटच्या शब्दावरून पुढं निघायचं. तात्यांना हे लगेच पटलं. चावडीवरच्या गप्पा याहून वेगळ्या नसतात, असं ते म्हणत.

पेन्शन घेऊन ते आष्ट्याला परतले, तेव्हा थोरल्या भावानं, नानासोंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "शेतात राब, तालमीत बस, काय बी कर. पर थोरातांच्या घरातला माणूस वरातीत पिपाणी फुकताना दिसता कामा न्हाई."

तात्यांनी वाद घातला नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, पंपाच्या आवाजाआड ते रोज वाजवत राहिले. बायको अंजना भाकरी घेऊन यायची आणि दाराशी बसून ऐकायची. आमचं घर त्यांच्या शेजारचं; हे सगळं मला पुढं अंजनाकाकींनीच सांगितलं. तात्या स्वतःबद्दल फार बोलणाऱ्यांतले नव्हते.

बरेटोही क्लब सोडून पाचगणीच्या एका निवासी शाळेत पियानो शिकवायला आले होते. त्यांनी तात्यांना शोधून काढलं. मुंबईतली एक लहानशी कंपनी बरेटोंची तबकडी काढायला तयार झाली होती. पियानो बरेटोंचा, आणि दर गाण्याला कुणीतरी वेगळा पाहुणा. एका गाण्यात मुंबईचा विल्फी सॅक्सोफोन वाजवणार होता. सगळ्यात शेवटच्या गाण्यात दोन पाहुणे होते, एक तात्या आणि दुसऱ्या सुलाबाई.

सुलाबाई मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांची आई जत भागातली. रविवारी प्रार्थनेला त्या गात. नाताळच्या एका कार्यक्रमात बरेटोंनी त्यांचा तो जाड, खालच्या पट्टीतला आवाज ऐकला आणि नंतर बोलता बोलता त्यांच्या आईची जात्यावरची एक ओवी ऐकली. ती ओवीच बरेटोंनी घेतली. पियानोवर तिच्याखाली असे काही सूर मांडले, की ती जतची राहिली आणि आणखीही कुठली तरी झाली. तात्या दोनदा पाचगणीला जाऊन तालीम करून आले होते. गाणं संपताना सुलाबाई खाली उतरत आणि क्लॅरनेट त्यांच्या वर, पार वर चढत जाई. बरेटो म्हणाले होते, "मुंबईत वाजवणारे पुष्कळ आहेत जोतिबा. पण तिथं असं चढणारा मला दुसरा माहीत नाही."

आणि आता दात नव्हते.

क्लॅरनेटचं टोक चोचीसारखं असतं. खाली पत्ती, ती खालच्या ओठावर टेकते. वरून चोचीवर वरचे दात घट्ट बसवायचे, तेव्हा कुठं सूर ताब्यात राहतो. सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांनी तिसरा हलणारा दातही काढला आणि हिरडी भरून आल्याशिवाय कवळी बसवता येणार नाही म्हणून सांगितलं. दोन-तीन महिने तरी जातील, म्हणाले.

सूज उतरल्यावर तात्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावला. आधी नुसती हवा निघाली. मग एक किंकाळी. विहिरीवरचे पारवे उडाले.

अंजनाकाकी दारात उभ्या होत्या. "आवं, त्या साहेबांना कळवा की."

"कळीवलं तर ते दुसऱ्याला घेतील."

"मग घेऊ द्या. त्यात काय एवढं?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि काकींना आपण काय बोलून गेलो ते कळलं. "त्या नजरंनं मी जी गप झाले," त्या मला म्हणाल्या, "ती पाचगणी येईतोवर त्यावर गपच."

बँडात असताना एक म्हातारा हवालदार दोन्ही ओठ आत दुमडून वाजवायचा, ते तात्यांना आठवलं. त्यांनी तसं करून पाहिलं. वरच्या ओठाची घडी हिरडीवर, त्यावर चोच. सूर निघाला. खालचे सूर तर पूर्वीपेक्षा मऊ, जाड निघाले, दुधावर साय धरावी तसे. पण वर जायला लागलं, की ओठाला बळ पुरेना. सूर थरथरायचा आणि फाटायचा. ओठ आतून सोलून निघाले. काकी रात्री लोणी लावायच्या, सकाळी तात्या पुन्हा सुरू व्हायचे. जायचा दिवस जवळ आला, तरी त्या शेवटच्या चढणीवर दहातल्या सात वेळा सूर फाटत होता. तात्या उरलेल्या तीन वेळांवर भिस्त ठेवून निघाले.

काकींनी हट्टानं बरोबर येते म्हटलं. कऱ्हाड, सातारा, वाई करत एसटीनं दोघं पाचगणीला पोचले. जानेवारीची थंडी होती. तात्यांनी नाकापर्यंत मफलर गुंडाळला होता आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बरेटो भेटले, मिठी मारली. तात्या मान हलवूनच बोलले.

"घसा बसलाय का?"

"थंडी," तात्या मफलरातून म्हणाले.

शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. सभागृहाच्या खिडक्यांना मुलांची ब्लँकेटं टांगली होती. मुंबईहून आलेल्या ध्वनिमुद्रकानं स्टेजच्या बाजूच्या खोलीत आपलं मोठ्या चकत्यांचं टेपयंत्र मांडलं होतं. माणूस चिडका होता. त्यालाही कारण होतं. वीजकपातीचे दिवस होते आणि चार वाजता वीज जाणार असं सकाळीच कळलं होतं. कंपनीनं त्याला एकच दिवस दिला होता.

एकेक गाणं होत गेलं. बाहेर सिल्व्हर ओकवर कावळा ओरडला की थांबायचं. मुख्य रस्त्यावर गाडीनं भोंगा दिला की थांबायचं. विल्फीचं गाणं तिसऱ्या खेपेला जमलं. तात्या मागच्या बाकावर काकींशेजारी बसून होते. क्लॅरनेट थंड पडू नये म्हणून त्यांनी तो कोटाच्या आत छातीशी धरला होता.

त्यांची पाळी आली तेव्हा तीन वाजून गेले होते.

तात्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "आवाज अंगावर येत न्हाई असा," असं काहीसं ते पुटपुटले. मग मफलर खाली केला. बरेटोंनी सुरुवात केली. सुलाबाईंनी ओवी धरली:

पाटाचं पाणी माझं वळणावरी थबकलं
कुणाच्या गं हाकेसाठी मागं वळून बघितलं

ओवी थांबली, तसे तात्या मधल्या जागेत वाजवायला लागले. बरेटोंनी पियानोवरून चमकून वर पाहिलं. हा सूर त्यांच्या ओळखीचा नव्हता. पण तो वाईट नव्हता, म्हणून ते वाजवत राहिले. शेवट आला. सुलाबाई उतरल्या, तात्या चढायला लागले, आणि वरच्या सुराला चर्रकन फाटले.

"पुन्हा," बरेटो म्हणाले.

पुन्हा तिथंच फाटलं. या वेळी आणखी वाईट.

ध्वनिमुद्रक खोलीतून बाहेर आला. "साहेब, घड्याळ बघा. विल्फीला उभं करा आणि मोकळे व्हा."

बरेटो उठले. हळूहळू चालत ते तात्यांच्या समोर गेले. तात्यांनी मफलर ओढून घेतला होता.

"काढ."

तात्यांनी तो आणखी घट्ट धरला.

"जोतिबा, मफलर काढ. तोंड उघड."

तात्यांनी तोंड उघडलं. सुलाबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. हिरडी लालबुंद होती आणि ओठ आतून पांढरे पडले होते.

"कब हुआ?" बरेटो फौजेतल्या हिंदीवर आले.

"मईना झाला."

"और मुझे बताया नहीं."

तात्यांनी तोंड मिटलं.

"वीस वर्षं," बरेटो म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जेवणाच्या आवाजात पियानो वाजवला. माझ्या नावाची ही पहिली वस्तू. मी कंपनीला सांगितलं, सांगलीकडचा एक माणूस आणतो, ऐकाल तर वेडे व्हाल. तू मला एक अक्षर सांगितलं असतंस, तर मी गाणं बदललं असतं. तू मला काय समजलास?"

मागच्या बाकावरून अंजनाकाकी उठल्या. सभागृहात एवढ्या माणसांसमोर बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "साहेब, त्येंना वाटलं तुमी दुसऱ्याला घ्याल."

"घेतलं असतं!" बरेटो ओरडले. "कदाचित घेतलं असतं. पण ते मी ठरवायचं होतं!"

त्यांनी पियानोचं झाकण लावलं. तो आवाज घुमून विरला. तात्या खाली बसले आणि क्लॅरनेटचे तुकडे सोडवायला लागले. "बसवा त्या पावण्यांना," ते म्हणाले. "त्या टेपवाल्यांचं बरोबर हाय. माझंच चुकलं."

विल्फी आपला सॅक्सोफोन गळ्यात घेऊन उभा होता. तो पुढं झाला नाही. "मला ही चाल येत नाही," तो बरेटोंना म्हणाला. सकाळपासून दोनदा त्यानं ती गुणगुणलेली काकींनी ऐकली होती.

तेवढ्यात सुलाबाई म्हणाल्या, "त्यांनी वर कशाला जायला पाहिजे? ते खाली राहू देत. वर मी जाते."

बरेटो वळले. "तुमचा आवाज तिथं नाही."

"नाही. तिथं तो फाटेल. आईचाही फाटायचा, दळण संपत आलं की. फाटला तरी तो ओवीतच फाटतो."

बरेटो पियानोपाशी परत आले. ध्वनिमुद्रक घड्याळ पुढं करून काहीतरी बोलायला गेला, तर विल्फीनं त्याचा दंड धरला. मग बरेटोंनी झाकण उघडलं. डाव्या हातानं त्यांनी शेवटची जागा नुसतीच चाचपली, सूर बदलले, पुन्हा बदलले.

"एकदाच," ते म्हणाले. "आणि जोतिबा, तू वर यायचं नाही. काही झालं तरी वर यायचं नाही. समजलं?"

"व्हय."

विल्फीनं खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढला, त्याची घडी केली आणि तात्यांच्या हातात दिली. "खालच्या दातांवर ठेवा. ओठ कापणार नाही." तात्यांनी ती ठेवली. या वेळी ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले नाहीत. पियानोच्या कडेला, बरेटोंचे हात दिसतील असे उभे राहिले.

चाराला थोडाच वेळ उरला होता. खोलीतला, टेप सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

काकी सांगत, त्या गाण्यातलं आपल्याला काही कळलं नाही, कारण वीज जाते की काय म्हणून आपण बहुतेक वेळ छतातल्या दिव्याकडं बघत होतो. पण ओवी सुरू झाली तशी बाहेरची पाखरंही गप्प बसली, एवढं त्यांना आठवत होतं. सुलाबाई पहिल्यापेक्षा सावकाश गायल्या. तात्या त्यांच्या खालून चालत होते, उसाच्या सरीतून पाणी पुढं सरकतं तसे, कुठं भरून, कुठं थांबून. बरेटो मध्ये काहीतरी विचारल्यासारखं वाजवत आणि तात्या त्याला उत्तर देत. एका जागी तात्यांनी उत्तर दिलंच नाही, ती जागा मोकळी सोडली. बरेटोंनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि तेही थांबले. क्षणभर नुसता सुलाबाईंचा श्वास ऐकू आला.

मग शेवट आला. सुलाबाई चढल्या. आवाज ताणला, दुसऱ्या ओळीवर फाटला, आणि त्या थांबल्या नाहीत. फाटक्या आवाजानंच वर गेल्या. काकींनी दिव्यावरून नजर काढून नवऱ्याकडं पाहिलं. तात्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक धार हनुवटीवर आली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि खांदे वर उचलले गेले होते. वर जायच्या आधी ते नेहमी तसेच उचलले जात. विहिरीवर काकींनी ते कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

तात्या वर गेले. बरेटोंनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी गेले. सुलाबाईंच्या आवाजाला लागून एकेक पायरी चढत ते त्या सुरापर्यंत पोचले आणि सूर फाटला नाही. तो टिकला. बरेटोंनी डोळे विस्फारले आणि दोन्ही हात पियानोच्या पट्ट्यांवर आणले.

आणि दिवे गेले.

अंधारात सूर आणखी थोडा वेळ राहिला, मग थांबला. खोलीतून ध्वनिमुद्रकाची शिवी ऐकू आली. चकत्या फिरता फिरता मंदावल्या होत्या, म्हणजे शेवट टेपवर कसा उतरला असेल ते सांगता येत नव्हतं. विल्फीनं एका खिडकीचं ब्लँकेट ओढून काढलं. उजेडात सगळे जिथल्या तिथं उभे दिसले. तात्या रुमालानं तोंड पुसत होते. सुलाबाई स्टेजच्या पायरीवर बसून हसत होत्या, की रडत होत्या, ते काकींना समजलं नाही.

बरेटो मात्र तात्यांकडं आले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले आणि पाठमोरे राहूनच म्हणाले, "बिघडलं असेल, तर मुंबईत विल्फीकडून करून घेईन. तुला विचारणार नाही."

"व्हय," तात्या म्हणाले.

दोघं दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परतले. गाडी वाईचा घाट उतरली. मग तात्या म्हणाले, "गेलो तर हुतो वर."

"व्हय. बघितलं मी."

त्यानंतर पाचगणीहून काहीच कळलं नाही. ऊस गेला, गुढ्या उभ्या राहिल्या, वळवाचे ढग येऊन गेले. तात्यांना कवळी बसली. ते पुन्हा बोलायला लागले, पण क्लॅरनेटला हात लावत नव्हते. काकींनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुणाची तबकडी निघाली ते कळू दे आधी."

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी बरेटो आष्ट्याच्या स्टँडवर उतरले. अंगात कोट, बगलेत चौकोनी पाकीट. गावात तबकडी लावायचा रेडिओग्राम एकट्या लालासाहेबांकडं होता. गुळाचा व्यापार करणारा भला माणूस, त्यानं ओसरीवर सतरंजी घातली. नानासोही आले. गोव्याचा साहेब आपल्या भावाकडं का आला, हे त्यांना बघायचं होतं. तबकडीच्या पाकिटावर सगळं इंग्रजी होतं आणि तात्यांनी ते वाचायला मागितलं नाही. बरेटोंनीही काही सांगितलं नाही. त्यांनी सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली.

आधी पियानो. मग सुलाबाईंची ओवी. मधली जागा आली, तशी तात्यांनी सतरंजीची दशी मुठीत धरली.

क्लॅरनेट वाजायला लागला.

काकींनी आतल्या दाराशी टेकून डोळे पुसले. ओसरीवर कुणी हललं नाही. मधली ती मोकळी जागा येऊन गेली. सुलाबाई चढल्या, फाटल्या. त्यांच्याखालून क्लॅरनेट निघाला, एक पायरी, दुसरी पायरी, आणि तिथून सगळंच बारीक बारीक होत विरून गेलं. तो वरचा सूर तबकडीवर नव्हता.

"चकत्या मंदावल्या होत्या," बरेटो म्हणाले. "तिथून पुढं सूर चिरकत वर गेलाय. कंपनीनं आवाज आधीच कमी करून संपवलं."

तात्यांनी मान हलवली. चेहरा पडला होता, पण त्यांनी तो लपवला नाही.

नानासोंनी घसा साफ केला. "ह्ये तू वाजीवलंस?"

"व्हय."

"आन मग शेवटाला थांबलास का रं?"

"लाईट गेली, दादा."

नानासोंनी तबकडीकडं बोट केलं. "पुन्यांदा लावा वं," ते लालासाहेबांना म्हणाले. "ती बाई लय भारी म्हणतीया."

पुन्हा लावलं. या खेपेला नानासो पुढं सरकून, कानामागं हात धरून बसले. गाणं संपल्यावर बरेटो तात्यांकडं वळले.

"मी अजून रागावलेलो आहे."

"ऱ्हावा की रागवून," तात्या म्हणाले. "पर जेवल्याबिगर जाऊ नगासा. अंजना चूल पेटवायला गेलीया."

बरेटोंनी कोट काढून खुंटीला अडकवला.